मापात पाप : उर्दू शाळा आणि ॲनोव्हाचा कौल

"उर्दू माध्यमाच्या विद्यार्थ्यांची गणितातील संपादणूक मराठी व इंग्रजी माध्यमाच्या विद्यार्थ्यांपेक्षा सार्थकरीत्या कमी आहे." या साच्यातले वाक्य तुम्ही कधी ना कधी ऐकले असेल. एम. एड.च्या प्रबंधिकेत, कृतिसंशोधनाच्या अहवालात, प्रशिक्षणाच्या पडद्यावर ते भेटते. खाली एक तक्ता असतो, तक्त्यात एक 'एफ' मूल्य असते, त्याच्या डोक्यावर दोन चांदण्या असतात, आणि बोलणारा एवढेच म्हणतो, "ॲनोव्हा केला आहे." त्यानंतर सभागृहात कोणी हात वर करत नाही. गणिताने निकाल दिला म्हटल्यावर वाद कशाला?

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. दोन्ही भाषांत मुलांना वाचताना, अडखळताना आणि हिशेब करताना रोज पाहतो. म्हणून हा हात मी वर करणार आहे. माझे म्हणणे सरळ आहे. आपल्याकडच्या शालेय संशोधनात तीन माध्यमांचे तीन गट करून त्यांच्यावर ॲनोव्हा चालवण्याची जी रीत पडली आहे, ती बहुतेक वेळा विज्ञान नसते. तो आधीच ठरलेल्या मतावर मारलेला शिक्का असतो. आणि त्या शिक्क्याची किंमत मोहल्ल्यातली मुले चुकवतात.

एक गैरसमज आधीच दूर करतो. मुस्लिम मुलांच्या शिक्षणात काही अडचण नाही, असे मी म्हणत नाही. २००६ साली आलेल्या सच्चर समितीच्या अहवालाने सांगितले होते की देशातल्या मुस्लिमांची साक्षरता ५९.१ टक्के आहे, देशाच्या सरासरीपेक्षा सहाएक टक्क्यांनी कमी. ६ ते १४ वयाची चारपैकी एक मुस्लिम मुले एकतर शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा मध्येच शाळा सोडून बसली होती. ही माहिती कोणी लपवू नये, आम्ही तर नाहीच नाही. माझे भांडण मोजण्याशी नाही. खोट्या मापाशी आहे.

आता हा ॲनोव्हा आहे तरी काय? मराठी पुस्तकांत याला प्रचरण विश्लेषण म्हणतात. नाव भारदस्त, पण कल्पना साधी आहे. तीन गटांच्या सरासऱ्या एकमेकींपासून किती लांब आहेत, हे एका बाजूला मोजायचे. प्रत्येक गटाच्या आत मुले एकमेकांपासून किती लांब आहेत, हे दुसऱ्या बाजूला मोजायचे. पहिल्याला दुसऱ्याने भागायचे. जो आकडा येतो तो 'एफ'. गटागटांतले अंतर गटाच्या आतल्या नेहमीच्या चढउतारापेक्षा बरेच मोठे निघाले, तर म्हणायचे की हा फरक केवळ योगायोगाने पडलेला दिसत नाही. बस्स. 'का पडला' हे एफ सांगत नाही. 'कोणाच्या दोषाने पडला' हे तर मुळीच सांगत नाही.

ही पद्धत जन्मली शेतात. रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये इंग्लंडच्या रॉथमस्टेड शेती संशोधन केंद्रात रुजू झाले. १९२३ मध्ये त्यांनी एका सहकाऱ्यासोबत बटाट्याच्या वेगवेगळ्या वाणांना खत कसे लागू पडते यावर लेख लिहिला, आणि १९२५ च्या त्यांच्या पुस्तकातून ही पद्धत जगभर गेली. पण फिशर यांनी तिच्यासोबत एक अट घातली होती. कोणत्या वाफ्याला कोणते खत, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. शेतकऱ्याने चांगली जमीन एका खताला आणि खडकाळ तुकडा दुसऱ्या खताला दिला, तर पुढचा सगळा हिशेब फुकट. खतामुळे पीक वाढले की जमिनीमुळे, हे मग कोणालाच सांगता येणार नाही.

आमच्या संशोधकांनी पद्धत घेतली आणि चिठ्ठ्या मात्र बटाट्यांच्या शेतातच ठेवून आले. मूल उर्दू शाळेत जाते ते चिठ्ठी निघाली म्हणून जात नाही. शाळा घराजवळ आहे, फी नाही, मोठी बहीण तिथेच शिकली, अम्मीला फक्त उर्दूच वाचता येते म्हणून जाते. इंग्रजी शाळेत जाणारे मूल जाते ते बापाला फी झेपते म्हणून. भिवंडी किंवा मालेगावातल्या यंत्रमागावर दिवसपाळी आणि रातपाळी करणाऱ्या माणसाचे मूल आणि बँकेत नोकरी करणाऱ्याचे मूल, हे दोन वाफे एका मातीचे नाहीत. त्यांच्या गुणांत फरक निघाला आणि तुम्ही त्याला 'माध्यमाचा परिणाम' म्हटले, तर तुम्ही खडकाळ जमिनीचा दोष खताच्या माथी मारला.

आता आकड्यांवर येऊ. खालचे आकडे हिशेब समजावा म्हणून मी रचलेले आहेत. कागद-पेन्सिल घ्या आणि पडताळून पाहा.

समजा प्रत्येक माध्यमाची पाच मुले आहेत. उर्दू माध्यमाचे गुण ३५, ४५, ५५, ६५, ७५. मराठीचे ४०, ५०, ६०, ७०, ८०. इंग्रजीचे ४५, ५५, ६५, ७५, ८५. सरासऱ्या ५५, ६० आणि ६५. ॲनोव्हा केला तर एफ येते ०.५. म्हणजे फरक अजिबात सार्थक नाही. संशोधक निराश होतो.

आता हेच गुण तसेच ठेवून प्रत्येक गटात पाचाच्या जागी शंभर मुले घ्या. प्रत्येक गुण वीस-वीस मुलांना मिळाला असे समजा. सरासऱ्या त्याच, मुलांमधली तफावतही तीच. एफ मात्र ०.५ वरून १२.४ वर उडी मारते. तक्त्यात चांदण्या चमकतात, निष्कर्षाच्या प्रकरणात 'सार्थक फरक' लिहिले जाते आणि पडदा उघडतो.

वाचकहो, इथे जरा थांबा. मुलांमध्ये काय बदलले? काहीही नाही. फक्त मोजलेल्या डोक्यांची संख्या वाढली. 'सार्थक' या शब्दाचा अर्थ 'मोठा' असा नाही, 'महत्त्वाचा' असाही नाही. त्याचा अर्थ एवढाच की खरोखर काहीच फरक नसता तर इतका आकडा सहसा आला नसता. मुले पुरेशी गोळा करा, अर्ध्या गुणाचा फरकही सार्थक ठरतो. अमेरिकन सांख्यिकी संघटनेने २०१६ मध्ये मुद्दाम निवेदन काढून हेच सांगितले होते की सार्थकतेच्या आकड्यावरून परिणामाचा आकार किंवा महत्त्व कळत नाही. आमच्या प्रबंधिकांत मात्र 'सार्थक' हा शब्द अजून न्यायाधीशाच्या हातोड्यासारखा वाजतो.

मग आकार कसा मोजायचा? तेही त्याच तक्त्यात आहे, कोणी विचारत नाही इतकेच. एकूण तफावतीपैकी किती वाटा गटांमुळे आहे, हे एका भागाकारात निघते. वरच्या उदाहरणात तो वाटा ७.७ टक्के आहे, पाच मुले घ्या किंवा शंभर. उरलेली ९२ टक्क्यांहून जास्त तफावत गटांच्या आत आहे. म्हणजे उर्दू शाळेतल्याच एका मुलात आणि त्याच्या शेजारी बसलेल्या मुलात आहे. शंभरपैकी ४० उर्दू मुले मराठी गटाच्या सरासरीच्या वर आहेत, आणि २० मुले इंग्रजी गटाच्याही सरासरीच्या वर आहेत. पण 'उर्दूची मुले मागे' हे वाक्य एकदा बोलले गेले की ही चाळीस मुलेही त्या वाक्याखाली गाडली जातात. शिक्षक त्यांच्याकडे पाहतो ते सरासरीच्या चष्म्यातून.

मोठ्या अभ्यासांतही हेच दिसले आहे. १९६६ चा अमेरिकेतला कोलमन अहवाल गाजला तो यासाठीच की मुलांच्या यशातली बहुतेक तफावत शाळाशाळांमध्ये नव्हती, एकेका शाळेच्या आत होती. त्या अहवालावर वाद पुष्कळ झाले, पण हा धडा आमच्या बी. एड. कॉलेजांपर्यंत नीट पोहोचलेला नाही.

यापेक्षा मोठे पाप पुढे आहे. संशोधक एक उर्दू शाळा घेतो, एक मराठी, एक इंग्रजी. प्रत्येकीत शंभर मुले. मग लिहितो, 'नमुना ३००'. हा नमुना ३०० नाही, ३ आहे! ॲनोव्हाची मूलभूत अट आहे की प्रत्येक नोंद स्वतंत्र असली पाहिजे. एका शाळेची शंभर मुले स्वतंत्र नसतात. त्यांचे शिक्षक एक, मुख्याध्यापक एक, गळके छप्पर एक. त्या शाळेत वर्षभर गणिताचे शिक्षकच नसतील तर शंभरही मुलांचे गुण एकदम खाली येतील, आणि तक्ता म्हणेल, 'उर्दू माध्यम'. हे हवेतले उदाहरण नाही. बिंदुनामावलीप्रमाणे राखीव असलेल्या जागांसाठी उर्दू जाणणारा उमेदवार मिळत नाही, म्हणून जागा रिकाम्या राहतात, हे उर्दू शाळेत काम करणाऱ्या कोणालाही विचारा. रिकाम्या खुर्चीचा हिशेब भाषेच्या खात्यावर मांडला जातो.

दोन शाळांमधून पन्नास-पन्नास मुले घेतली तरी फार फरक पडत नाही. शाळेतली मुले एकमेकांसारखी असण्याचे प्रमाण ०.२ धरले, तर शंभर मुलांकडून मिळणारी माहिती जेमतेम नऊ स्वतंत्र मुलांइतकी भरते. ज्याच्या हातात नऊ मुलांचा पुरावा आहे, तो शंभरांच्या आवाजात बोलतो.

या चुकीचा इतिहास जगात नोंदलेला आहे. इंग्लंडमध्ये १९७६ साली नेव्हिल बेनेट यांचे पुस्तक आले. ३७ शिक्षकांच्या वर्गांची तुलना होती : पारंपरिक पद्धतीने शिकवणारे, मोकळ्या पद्धतीने शिकवणारे आणि मिश्र. विश्लेषण ॲनोव्हाच्याच कुळातले. निष्कर्ष निघाला की पारंपरिक पद्धत सरस. वर्तमानपत्रांनी तो डोक्यावर घेतला, नव्या पद्धतीच्या शिक्षकांवर टीकेची झोड उठली. १९८१ मध्ये मरे एटकिन यांनी तीच माहिती पुन्हा तपासली. या वेळी एका वर्गातली मुले स्वतंत्र नसतात ही गोष्ट हिशेबात धरली, आणि ते सार्थक फरक कसोटीवर टिकले नाहीत. या फेरतपासणीच्या लेखकांत स्वतः बेनेटही होते, ही त्यांच्या प्रामाणिकपणाची गोष्ट. पण मधल्या पाच वर्षांत जे बोलले गेले, ते कोण परत घेणार? आमच्याकडे तर फेरतपासणी करणारा एटकिनही नाही. प्रबंधिका कपाटात जाते आणि तिचे एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या शिक्षकांच्या तोंडी फिरत राहते.

प्रश्नपत्रिकेचेही असेच. चाचणी मराठीत तयार होते, मग घाईघाईने तिचा उर्दू तर्जुमा होतो. मराठी मुलाला 'त्रिकोण' आणि 'कोन' दिसतो, उर्दू मुलाला 'मुसल्लस' आणि 'जाविया' दिसायला हवा. पण भाषांतर करणाऱ्याने पाठ्यपुस्तकातली संज्ञा सोडून भलतीच वापरली, तर मूल गणितात नापास होत नाही, तर्जुम्यात नापास होते. त्यात उर्दू उजवीकडून डावीकडे आणि संख्या डावीकडून उजवीकडे. छपाईत एखादे समीकरण उलटसुलट झाले की संपले. चाचणी तिन्ही भाषांत सारख्याच कठीणपणाची आहे, हे आधी तपासले का? हा प्रश्न विचारल्यावर सहसा उत्तर येते, "तज्ज्ञांना दाखवली होती." वजनकाटा दाखवून चालत नाही, तोलून पाहावा लागतो.

आणि चांदण्या निघतातच कशा, तेही पाहा. पाच विषय, मुले-मुली, शहर-खेडे, असे करत संशोधक वीस कसोट्या लावतो. खरोखर कुठेच काही फरक नसला, तरी ५ टक्क्यांच्या स्तरावर वीस स्वतंत्र कसोट्यांत एखादी तरी खोटी चांदणी उगवण्याची शक्यता ६४ टक्के असते. जाळे वीस वेळा टाकायचे आणि एकदा लागलेला मासा मिरवायचा, याला संशोधन म्हणत नाहीत.

यावर एक आक्षेप येईल : "सर, गणिताने तुमच्या समाजाविरुद्ध कौल दिला म्हणून तुम्ही गणितावर रागावता." ठीक आहे, मग आमच्या बाजूचा कौल घेऊ. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या मुस्लिमांची साक्षरता ७८.१ टक्के होती आणि राज्याची ७६.९. मुस्लिम पुढे! आमच्यातले काही जण हा आकडा छाती फुगवून सांगतात. मी सांगत नाही. कारण राज्यातले सुमारे ७० टक्के मुस्लिम शहरांत राहतात, आणि शहरांची साक्षरता तेव्हा ८५.५ होती, खेड्यांची ७०.४. शहर-खेड्याच्या या वाटणीप्रमाणे मुस्लिम इतरांच्या बरोबरीने असते, तर त्यांचा आकडा ८१ च्या आसपास यायला हवा होता. म्हणजे वरून पुढे दिसणारा गट आतून तीन टक्क्यांनी मागे होता. जे माप आम्हाला खोटे पुढे नेते ते मी नाकारतो. म्हणून जे माप आम्हाला खोटे मागे ढकलते ते नाकारण्याचा हक्कही मला आहे.

दुसरा आक्षेप : "आम्ही पालकांचे उत्पन्न विचारात घेतले होते." चांगले केले. पण 'उत्पन्न' म्हणून एक चौकोन भरून घेतला म्हणजे घर समजले असे नाही. कोकणातल्या मुस्लिम घरात कोकणी किंवा मराठी बोलतात, साताऱ्या-सांगलीकडे दखनी बोलतात, आणि मूल उर्दू शाळेत जाते. त्याच्यासाठी पुस्तकी उर्दूही अर्धी परकीच. 'उर्दू माध्यम' हा एक गट आहे, हेच मुळात संशोधकाने कागदावर रचलेले चित्र आहे. एका नावाखाली चार प्रकारची घरे कोंबायची आणि त्यांची सरासरी काढायची, मग ती सरासरी कोणाची?

आता थोडे घरातल्यांशी. आपल्याकडे दोन टोके आहेत. एक गट असे वाक्य ऐकताच पोराचे नाव उर्दू शाळेतून काढतो आणि गल्लीतल्या, इंग्रजी पाटी लावलेल्या शाळेत घालतो. तिथे शिक्षकाला स्वतःला इंग्रजी येते की नाही, हे कोणी विचारत नाही. दुसरा गट म्हणतो, उर्दू आमची ओळख आहे, तिला मोजूच नका. दोघेही मुलाचा घात करतात. पहिला खोट्या मापावर विश्वास ठेवतो, दुसरा मापच फेकून देतो. उर्दू शाळेत सातवीच्या मुलाला अपूर्णांकांची बेरीज येत नसेल, तर ती आली पाहिजे. त्याला ओळखीचे पांघरूण घालू नका. तालीम ही भावनेवर चालत नाही.

मग ॲनोव्हा टाकून द्यायचा का? नाही. त्याला त्याच्या खऱ्या जागी नेऊन बसवायचे. उर्दू शाळांची इतरांशी शर्यत लावण्याऐवजी उर्दू शाळांच्या आतच प्रश्न विचारा. चोवीस उर्दू शाळा घ्या. अपूर्णांक शिकवण्याच्या तीन रीती ठरवा : एक नेहमीची, एक कागदाच्या घड्या आणि पट्ट्यांची, एक मुलांच्या घरच्या बोलीतून सुरुवात करून पुस्तकी उर्दूकडे जाणारी. कोणत्या शाळेला कोणती रीत, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. आधी चाचणी, नंतर चाचणी. हिशेब मुलांचा नव्हे, शाळांचा करा. फरकाचा आकार लिहा, आणि तीन रीतींपैकी नेमक्या कोणत्या दोनांत फरक आहे हेही तपासा, कारण एफ 'कुठेतरी फरक आहे' एवढेच बोलते. अशा अभ्यासातून जो निकाल येईल, तो सोमवारी सकाळी वर्गात वापरता येईल. 'तुम्ही मागे आहात' हा निकाल घेऊन कोणता शिक्षक फळ्यावर काय लिहिणार?

संशोधनाच्या मार्गदर्शकांना माझी विनंती नाही, मागणी आहे. माध्यमांच्या तुलनेचा विषय घेऊन विद्यार्थी आला की त्याला विचारा : शाळा किती? मुले त्या गटात गेली कशी? चाचणी तिन्ही भाषांत पारखली का? फरकाचा आकार किती? एकूण कसोट्या किती लावल्या, आणि त्यातल्या किती छापल्या? यांची उत्तरे नसतील, तर सही करू नका. तुमची एक सही एका प्रबंधिकेवर असते, पण तिच्या आधारे कुणी उर्दू शाळेची तुकडी 'निरुपयोगी' ठरवतो, कुणी शिक्षक भरती पुढे ढकलतो.

आणि शिक्षक मित्रांनो, पालकांनो, पुढच्या वेळी कोणी पडद्यावर चांदण्या दाखवून "ॲनोव्हा केला आहे" असे म्हणाला, तर गप्प बसू नका. एवढेच विचारा, "साहेब, शाळा किती घेतल्या होत्या?" उत्तर 'तीन' आले, तर बाकीचे सगळे सभागृहाला आपोआप कळेल. मापात पाप करणाऱ्या दुकानदाराला आपण बाजारात जाब विचारतो. तिथे तर फक्त पावशेर साखरेचा प्रश्न असतो.